एकच वाहन ठेवायचे असेल, तर मनातले कोणते?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास अखेर मार्गी लागला असून, नव्या इमारतीत प्रत्येक सदनिकेला वाहनासाठी एकच जागा मिळेल, असे करारनाम्यात स्पष्ट लिहिले आहे. आज आमच्या घरात दोन वाहने आहेत. घरच्या सगळ्यांसाठी एक छोटी मोटार आणि माझ्या कामासाठी एक स्कूटर. दोन्ही जुनी झाली आहेत. जेवताना हा विषय निघाला तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, एकच ठेवायची आहे ना, मग या दोन्ही विका आणि तुम्हाला इतकी वर्षे जी हवी होती ती घ्या." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विचार नाही, म्हणून हा धागा.

आयुष्यात एकच वाहन बाळगता येईल आणि दुसरे भाड्याने किंवा उसने घेता येणार नाही, अशी अट असेल तर तुम्ही कोणते वाहन निवडाल? केवळ नाव सांगू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यांवर आणि तुमच्या माणसांसह ते कसे निभावेल, तेही लिहा.

माझे उत्तर मी आधी देतो. मी पशुवैद्य आहे. आठवड्यातले तीन दिवस माझे काम पेठ आणि हरसूलकडच्या पाड्यांवर असते. सावळ घाट उतरल्यावर मुख्य रस्ता सोडला की पावसाळ्यात पुढची वाट लाल चिखलाची असते. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांच्या लसी पावसाआधी टोचून व्हाव्या लागतात, पण सगळे वेळेवर होतेच असे नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी म्हणून बर्फाची पेटी बरोबर न्यावी लागते. ती स्कूटरच्या पायदानावर ठेवून चिखलातून जाताना कित्येकदा मी स्कूटर पाड्याच्या अलीकडे सोडून पेटी खांद्यावर घेतली आहे. अशा वेळी ज्या गाडीची आठवण होते ती म्हणजे मारुती जिप्सी. १९८५ साली ती आपल्याकडे आली तेव्हा ९७० सीसीचे इंजिन होते, १९९६ पासून १,२९८ सीसीचे आले. मजबूत चासी (गाडीचा खालचा सांगाडा), पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), चारही चाकांना जोर देणारा वेगळा गिअर आणि एवढे असूनही वजन एक टनाच्या आसपास. चिखलात ताकदीइतकेच वजनालाही महत्त्व असते, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लष्कराने ही गाडी इतकी वर्षे वापरली, त्यामागेही हे कारण असावे असे मला वाटते. आता ती नवी मिळत नाही, पण चांगली ठेवलेली जुनी शोधली तर मिळते.

तुमची निवड आणि माझ्या निवडीतल्या चुका, दोन्ही ऐकायला मी उत्सुक आहे.

सातपूरचा_फिटर

डॉक्टरसाहेब, नाशिकमध्ये राहून तुम्ही महिंद्राच्या थारचे नावही घेतले नाही, याचे मनापासून वाईट वाटले. थार आपल्या शहरात बनते. तिचे सुटे भाग सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून तयार होऊन जातात आणि त्यांतल्या काही भागांवर माझ्या हातांनी काम केले आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नवी थार आली तेव्हा आमच्या खात्यातल्या प्रत्येकाला घरचे लग्न असल्यासारखे वाटले होते. साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून ती जाऊ शकते, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले आहेत. जी कंपनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी करत आली, तिला चिखल काही नवा नाही.

मला एकच वाहन ठेवायचे असेल तर मी थार ठेवीन. दुसऱ्या गाडीचे बोनेट उघडले की मला यंत्र दिसते. थारचे उघडले की ओळखीची माणसे दिसतात, कारण कोणता भाग कोणत्या शेडमधून आला आणि त्या शेडमध्ये कोण काम करते, हे मला ठाऊक असते.

गोदाकाठ

फिटरदादा, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकलो नाही. थारला मी कमी लेखत नाही. माझा प्रश्न फक्त वजनाचा आणि रुंदीचा आहे. थार पावणेदोन टनांच्या घरात जाते आणि पाड्यांकडच्या वाटा दोन्ही बाजूंच्या भाताच्या बांधांमध्ये दाबलेल्या असतात. समोरून बैलगाडी आली तर कोणी तरी बांधावर चढावे लागते, आणि तो बांध शेतकऱ्याने हाताने घातलेला असतो.

चेतक_अजून_आहे

पुण्याहून लिहीत आहे. माझे वय ६८. माझे उत्तर बजाज चेतक, आणि ते मी स्वप्न म्हणून देत नसून अनुभव म्हणून देत आहे, कारण निवृत्तीनंतरची आठ वर्षे मी खरोखरच या एकाच वाहनावर काढली आहेत.

चेतक १९७२ साली आली. पुढे कित्येक वर्षे तिच्यासाठी नोंदणी करून थांबावे लागे आणि ज्यांच्याकडे परकीय चलन असे त्यांना ती लवकर मिळे. आमच्या वडिलांकडे परकीय चलन नव्हते, म्हणून आम्ही थांबलो. ज्या दिवशी ती आकुर्डीहून आमच्या वाड्यात आली त्या दिवशी आईने तिला कुंकू लावले आणि शेजारच्या तीन बिऱ्हाडांत पेढे वाटले. लोखंडी अंग, सुमारे १४५ सीसीचे दोन स्ट्रोकचे इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर. दोन्ही चाके एकाच मापाची असल्याने एक स्टेपनी कोणत्याही चाकाच्या जागी बसते. रस्त्यात पंक्चर झाले तर नट सोडवून चाक बदलायला मला आजही पंधरा मिनिटे पुरतात. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, कार्ब्युरेटरचे जेट तारेने न टोचता फुंकरीने साफ करायचे, क्लचची तार तुटण्याआधी तिचे सुटलेले धागे ओळखायचे, हे सारे वडिलांनी मला दारात बसून शिकवले आणि मी माझ्या मुलीला शिकवले.

एकच वाहन ठेवायचे असेल तर ते आपल्या हातांना समजणारे असावे, असे मला वाटते. तुमची जिप्सी त्या अर्थाने चांगली आहे.

एक शंका. एस.टी.ने प्रवास केलेला तुमच्या अटीत चालतो का? कारण लांबच्या गावाला मी एस.टी.नेच जातो.

गोदाकाठ

काका, एस.टी. चालते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी निघाल्यापासून ती सगळ्यांची आहे. तिला भाड्याचे वाहन मानायला माझे मन तयार होत नाही.

ऊसपट्टा

शिरोळ तालुक्यातून नमस्कार. डॉक्टर, तुम्ही पशुवैद्य आहात म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या स्वप्नातले वाहन पिकअप आहे आणि ते माझ्याकडे आहे. लोकांना वाटते की पिकअप हे पोटासाठी घ्यायचे वाहन असते आणि स्वप्न वेगळे असते. माझे तसे नाही. लहानपणी आमचा भाजीपाला दुसऱ्याच्या गाडीत भाड्याने जायचा. गाडीवाला ज्या वेळी येईल त्या वेळी माल तयार ठेवावा लागे, आणि तो आलाच नाही तर वांगी बांधावर सुकत. आपली स्वतःची चार चाके असावीत, त्यांना मागे हौदा असावा आणि पहाटे तीन वाजता बाजाराला निघायचे की चार वाजता हे आपण ठरवावे, एवढेच मी वडिलांच्या शेजारी उभा राहून मागितले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी आमच्या तालुक्यात शिरले तेव्हा पिकअपची खरी किंमत समजली. पाणी रात्रीतून वाढत गेले. घरातली माणसे आधी सुरक्षित जागी पोहोचवली, मग गोठ्याकडे वळलो. दोन म्हशी, एक गाय आणि एक कालवड. हौद्याला फळी लावली, पण म्हशी फळीवर पाय ठेवीनात. शेवटी बायकोने कालवडीला आधी वर नेले आणि तिच्या मागे गाय गेली. म्हशींना मात्र चार माणसांनी अक्षरशः खांद्याने रेटले. त्या दोन दिवसांत शेजारपाजारची मिळून बावीस जनावरे आम्ही सहा खेपांत उंचावरच्या गावात नेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा मात्र आम्ही तयार होतो. फळी रुंद करून घेतली होती आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या.

बाजार, ऊस लागणीचे बेणे, खताची पोती, नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शन, मुलीचे वसतिगृहातले सामान, सगळे याच गाडीत. पुढच्या बाकावर आम्ही तिघे बसतो. एकच वाहन ठेवण्याची अट आमच्यासाठी नवी नाही, आमच्या तालुक्यातली बरीच घरे आजही याच अटीवर चालतात.

गोदाकाठ

दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आडव्या पट्ट्यांचे तुम्ही अगदी योग्य केलेत. आणखी एक सांगतो. हौद्याच्या पत्र्यावर खूर घसरतात आणि जनावर एकदा घसरून पडले की भीतीने पुन्हा उठत नाही. म्हणून आधी वाळूचा पातळ थर आणि त्यावर पाचट किंवा भाताचा पेंढा टाकावा. दोर फार आखूड बांधू नये, मान हलवून तोल सावरण्याइतकी मोकळीक राहावी. कालवडीला आधी नेण्याची तुमच्या घरच्यांची युक्ती आम्हाला महाविद्यालयात कोणी शिकवली नव्हती. ती मी पुढच्या लसीकरणाच्या वेळी पाड्यावरच्या लोकांना सांगणार आहे.

चेतक_अजून_आहे

ऊसपट्टा यांना एक सांगावेसे वाटते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्यातले काही इथेनॉल उसापासून येते. म्हणजे तुमच्या शिवारातला ऊस माझ्या चेतकच्या टाकीत येऊन पोहोचतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर मात्र या मिश्रणाने लवकर कडक होतात किंवा फुगतात, म्हणून मी पेट्रोलची नळी आणि कॉकचे वायसर दरवर्षी बदलतो. डॉक्टरांनी जुनी जिप्सी घेतली तर त्यांनी पहिल्याच महिन्यात टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या नव्या करून घ्याव्यात.

कागदपत्रांचेही सांगून ठेवतो. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. जुनी जिप्सी म्हणजे हे सारे ओघाने आले.

मांडवीतीर

पणजीहून. आमचे वडील मोटारसायकल पायलट होते. बाहेरच्या लोकांना हा शब्द विमानाचा वाटतो, पण गोव्यात भाड्याने माणूस मागे बसवून नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात आणि त्याच्या गाडीचे पुढचे मडगार्ड पिवळे असते. त्या एका दुचाकीवर वडिलांनी आम्हा तीन भावंडांचे शिक्षण केले. सकाळी स्टँडवर, दुपारी आम्हाला शाळेतून आणायला, आणि रविवारी आईला मागे बसवून रायबंदरच्या फेरीबोटीतून चोडण बेटावर तिच्या माहेरी.

माझी निवड शंभर सीसीची साधी मोटारसायकल. फेरीबोटीत मोटारींची रांग थांबते तेव्हा दुचाकी कडेने पुढे जाते. आमच्या वाड्यावरच्या वाटांवर मोटार फिरवायला जागा नाही. आज मला परवडत असूनही मी मोटार घेतलेली नाही. वडिलांचे ते पिवळे मडगार्ड माझ्या घरात भिंतीवर आहे.

फोर्टची_सकाळ

मुंबईतून थोडक्यात. आमच्या घरी काळी-पिवळी होती, प्रीमियर पद्मिनी. सुकाणूच्या दांड्यावर गिअर, पुढे अखंड बाक, कुर्ल्याच्या कारखान्यातली बांधणी. २९ ऑक्टोबर २०२३ हा मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस ठरला, कारण शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. एकच वाहन मागायचे झाले तर मी तीच मागेन. रोजच्या वापराला ती आता योग्य नाही, हे मला मान्य आहे. तरीही प्रश्न मनातल्या वाहनाचा असल्याने हेच खरे उत्तर आहे.

वाऱ्याविरुद्ध

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरातून लिहीत आहे. मूळ गाव सातारा. आम्ही इथे सात वर्षे मोटारीशिवाय राहतो आणि आमचे एकमेव वाहन म्हणजे पुढे लाकडी खोका असलेली सायकल, जिला इथे बाकफीट्स म्हणतात. खोक्यात लहान बाक आणि पट्टे असतात. दोन मुले, त्यांची दप्तरे आणि आठवड्याचा किराणा त्यात मावतो. आमच्या सायकलला विजेची मदत आहे, ती ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मिळते आणि त्यापुढे पाय चालवावे लागतात. इथल्या मुख्य रेल्वे स्थानकाखाली १२,५०० सायकली ठेवण्याची सोय आहे. यावरून लोकांचे जगणे सायकलीभोवती कसे बांधलेले आहे, याची कल्पना येईल.

साताऱ्याला मी यवतेश्वरच्या चढावर सायकल ढकलत नेलेली मुलगी आहे, त्यामुळे हे वाहन नाशिकच्या घाटात चालेल असे मी म्हणणार नाही. इथे घाट नाही. इथे समोरून येणारा वारा हाच घाट आहे. मात्र एक गोष्ट डॉक्टरांना सांगावीशी वाटते. सायकल घेताना मी माझ्या उंचीची, माझ्या पसंतीच्या रंगाची निवडून ठेवली होती. दुकानदाराने विचारले, "मुले कुठे आहेत?" मुलांना खोक्यात बसवून पाहिल्याशिवाय तो विकायला तयार नव्हता. मोठा मुलगा बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. आम्ही दुसरी घेतली.

रात्रपाळी

मी अपघात विभागात परिचारिका आहे. जे लिहिते आहे ते कोणाच्या स्वप्नावर पाणी टाकण्यासाठी नाही, काळजीपोटी आहे.

डॉक्टर, तुम्ही जिप्सीचे वजन, गिअर आणि पाटे यांबद्दल लिहिलेत, पण तुमच्या शेजारी आणि मागे कोण बसणार हे लिहिले नाही. तुमच्या घरी मुलगी आहे, पत्नी आहे, कदाचित वडीलधारी माणसेही असतील. बऱ्याच जिप्सींमध्ये मागे समोरासमोर बसायची आडवी बाके असतात. समोरून धडक बसली की अशा बाकावरचा माणूस कुशीवरून पुढे फेकला जातो, आणि मग मानेला व बरगड्यांना काय होते ते मी लिहीत नाही. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि १ जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग बंधनकारक झाली. जिप्सी त्याआधीच्या काळातली गाडी आहे. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही एकटे चिखलात जाल तेव्हा ती उत्तमच असेल. पण अट एकाच वाहनाची आहे. म्हणजे हीच गाडी सुट्टीत मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकांच्या मध्ये असेल आणि तिच्यात तुमचे सगळे घर असेल.

दुचाकीवाल्या सदस्यांनाही विनंती आहे. हेल्मेट घाला, आणि मागे बसणाऱ्यालाही घालायला लावा.

सातपूरचा_फिटर

ताईंनी लिहिले ते पटले. आमच्या कारखान्यात वेल्डिंगचा एक टाका चुकला तर तो भाग बाजूला काढतात, त्यामागे हेच कारण आहे. चाचणीतले तारे मी अभिमानाने सांगितले होते, आता ते गंभीरपणे सांगतो.

स्वयंसारथी

छत्रपती संभाजीनगरहून. मला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पाय अशक्त आहेत आणि घराबाहेर चाकाची खुर्ची वापरते. चौदा वर्षे मी मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर चालवली आणि गेली सहा वर्षे हाताने चालवायची मोटार चालवते. डाव्या हाताखाली एक दांडा आहे. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो आणि मागे ओढला की गाडी वेग घेते. गिअर आपोआप बदलतात. कायद्यात अशा वाहनाला पूर्वी जे नाव होते ते वाचायलाही नको वाटे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला अनुकूलित वाहन म्हणतात. शब्द बदलल्याने रस्ता बदलत नाही, पण नोंदणीपुस्तकात हा नवा शब्द पाहिला त्या दिवशी मला बरे वाटले.

माझे मनातले वाहन आणि माझे खरे वाहन एकच आहे. स्कूटरवर पाऊस आला की मी भिजत असे, आणि खुर्ची दुसऱ्या कोणी तरी उचलून आणावी लागे. मोटारीत खुर्ची माझ्याबरोबर येते. गाडी शोधताना मी इंजिन शेवटी पाहिले. आधी दार किती उघडते ते पाहिले, मग डिकी. एका गाडीत सगळे जमत होते, पण सी.एन.जी.च्या टाकीने डिकी अडवली होती आणि खुर्ची कुठेच बसेना. ती गाडी सोडून द्यावी लागली.

डॉक्टर, रात्रपाळी ताईंनी वडीलधाऱ्यांचा उल्लेख केला म्हणून विचारते. तुमच्या घरी गुडघे दुखणारे कोणी आहे का? असेल तर लोक एक चूक करतात. गाडी जितकी बुटकी तितकी सोपी, असे त्यांना वाटते. तसे नसते. बुटक्या गाडीत बसताना खाली वाकावे लागते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. बसल्यावर मांड्या गुडघ्यांपेक्षा किंचित उंच राहतील, अशी आसनाची उंची सर्वांत सोयीची. त्याहून उंच असेल तर मध्ये एक पायरी हवी आणि दाराच्या चौकटीला पकडायला मूठ हवी. बसताना पाय आधी आत टाकू नये. गाडीकडे पाठ करून आधी टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. दार पुरेसे उघडत नसेल तर हे जमत नाही. म्हणून टेप घेऊन जा, आणि ज्यांना बसायचे आहे त्यांना बरोबर न्या.

गोदाकाठ

ताई, आमची आई ७६ वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे दुखतात. धागा काढताना मी तिच्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. आमच्या सध्याच्या बुटक्या मोटारीतून उतरताना ती दाराला धरून दोन-तीन वेळा झोका घेते आणि मग उठते, हे मी इतकी वर्षे पाहत होतो. त्याचे कारण आसनाच्या उंचीत आहे, हे तुमच्या प्रतिसादामुळे आज कळले. तुमचे आणि रात्रपाळी ताईंचे मनापासून आभार. येत्या रविवारी टेप घेऊन जातो आणि मग लिहितो.

ऊसपट्टा

डॉक्टर, आईंना नेताना पिकअपही दाखवा. आमची आई ८० ची आहे. ती पुढच्या बाकावर बसते तेव्हा म्हणते, इथून सगळे रान दिसते.

गोदाकाठ

रविवारचा वृत्तांत सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे.

सकाळी आईला, पत्नीला आणि मुलीला घेऊन निघालो. पहिल्यांदा एका परिचितांची जिप्सी पाहिली. वीस वर्षे सांभाळलेली, वंगणाचा एक थेंबही न गळणारी गाडी. मी चालवून पाहिली आणि जसे वाटले होते तसेच वाटले, ते लपवत नाही. मुलगी मागच्या आडव्या बाकावर बसली. ती बाहेर बघून हसत होती, पण मला आरशात तिची मान दिसत होती आणि रात्रपाळी ताईंचे शब्द आठवत होते. अर्ध्या किलोमीटरवर मी गाडी वळवली. परिचितांना धन्यवाद दिले. त्यांनी काही विचारले नाही.

मग थार पाहिली. फिटरदादा, तुमच्यासाठी मी बोनेट उघडून पाहिले. गाडी भक्कम आहे, पण तीन दारांच्या थारमध्ये मागे जायला पुढचे आसन मोडून वाट काढावी लागते. पाच दारांची रॉक्स आहे आणि तिला भारत एनकॅपमध्ये पाच तारे मिळाले आहेत. घरासाठी आम्हा सर्वांना तीच आवडली. तिथून उठताना माझ्या मनात फक्त भाताचे बांध होते.

शेवटी जिप्सीच्याच वंशातली पाच दारांची जिम्नी पाहिली. तीच मजबूत चासी, चार चाकांचा तसाच वेगळा गिअर, पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा, सहा एअरबॅग. वजन सव्वा टनाच्या आत आणि रुंदी थारपेक्षा जवळजवळ वीतभर कमी. युरोपात तिच्या तीन दारांच्या गाडीला धडक चाचणीत तीनच तारे मिळाले होते, हे मला ठाऊक आहे आणि घरी सर्वांना सांगितले आहे. महामार्गावर वेग ८० च्या वर न्यायचा नाही, हे पत्नीने तिथेच ठरवून टाकले आणि मी ते मान्य केले. बर्फाची पेटी मागे मुलीच्या पायांना न लागता बसते. एखादी शेळी न्यायची झाली तर मागचे आसन दुमडता येते.

आईचा प्रश्न मात्र पायरीचा होता. आसन तिच्या कमरेच्या थोडे वर येत होते. मी टेप काढून मोजत होतो तेवढ्यात ती म्हणाली, "घरी देवासमोरचा पाट आहे ना, तेवढ्या उंचीचे काहीतरी ठेव की." दुकानातल्या मुलाने कुठून तरी लाकडी खोके आणले. स्वयंसारथी ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिने गाडीकडे पाठ केली, खोक्यावर पाय ठेवला, चौकटीची मूठ धरली, आधी टेकली आणि मग दोन्ही पाय आत घेतले. एकदाही झोका घेतला नाही. उतरतानाही नाही. बसल्यावर समोरच्या काचेतून बराच वेळ बाहेर बघत राहिली. दादा, तुमच्या आईंसारखेच तिलाही पुढे किती लांबवर दिसते याचेच कौतुक होते.

स्कूटर आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलाला देण्याचे ठरले आहे, त्याला कामावर जायला हवी होती. पायरी पक्की लावायची की पाट बरोबर ठेवायचा, यावर घरात चर्चा झाली आणि आईचा निर्णय झाला. पाट सागाचा हवा, खाली रबर लावलेला हवा आणि तो कायम गाडीतच राहिला पाहिजे. पहिली फेरी वणीच्या सप्तशृंगी गडाची, नांदुरीच्या घाटाने. गडावर पोहोचल्यावर वरची ट्रॉली घ्यायची आहेच, पण घाट मात्र तिला पुढच्या आसनावर बसून पाहायचा आहे.